तू बिश्वातचा मलिदा: पोहे धुण्यापासून डबे वाटण्यापर्यंत

जानेवारी निम्मा सरला की तू बिश्वातसाठी, म्हणजे ज्यूंच्या झाडांच्या सणासाठी, फोन सुरू होतात. "मलिद्याचा लगदा झाला." "ताटात खाली पाणी साठलं." "पाहुणे यायच्या आत नारळ आंबला." हनुक्काच्या, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या, आठ रात्री तळणीच्या. तिथे एक घाणा बिघडला तर दुसरा निघतो. मलिद्याला मात्र चूलच लागत नाही. पोहे, ओला नारळ, साखर, सुकामेवा, वेलदोडा, भोवती फळं, एवढाच कारभार. त्यामुळे बिघडलेलं सावरायला विस्तवही नाही. सगळा खेळ पाण्याचा आणि क्रमाचा आहे, आणि लोक चुकतात ते नेमके तिथेच.

आधी एक खुलासा. इंटरनेटवर "मलिदा" शोधलंत तर निम्म्या कृती चपाती किंवा भाकरी कुस्करून त्यात गूळ-तूप घालायच्या निघतील. तो दर्ग्यावरचा मलिदा, चवीला छानच, पण वेगळा पदार्थ. इथे सांगते आहे तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांतला पोह्यांचा मलिदा, एलियाहू हनाबीच्या (एलिया प्रेषिताच्या) नावाने मांडला जाणारा. नवस फिटला, लग्न ठरलं, नवं घर घेतलं की तो होतोच. थंडीतल्या तू बिश्वातला, म्हणजे शेवात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी, तर घरोघरी होतो. (ठेकेदार लाटतात तो मलिदा तिसरा. त्याची कृती मला माहीत नाही.)

खालची मापं १२ माणसांची आहेत. मलिदा जेवणासारखा भरपेट खायचा नसतो, वाटीभर पुरतो.

## १. आधी कॅलेंडर, मग बाजार

शेवातची १५ तारीख चांद्र महिन्याची असल्याने ती पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास येते. दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो, म्हणून "२३ तारखेला आहे" असं कुणी म्हटलं तर मांडामांड बहुतेक वेळा २२ च्या संध्याकाळची असते. नवखे पाहुणे इथे हमखास एक दिवस उशिरा पोचतात.

२०२७ मध्ये तू बिश्वात शनिवारी, २३ जानेवारीला आहे, म्हणजे सुरुवात शुक्रवार २२ च्या संध्याकाळी. २०२८ मध्येही शनिवारच, १२ फेब्रुवारी. सलग दोन वर्षं शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस, त्यात काम निषिद्ध) आल्याने नेहमीचं वेळापत्रक चालणार नाही. त्याचं वेगळं कलम खाली, आठव्या टप्प्यात आहे. शनिवारी करणार असाल तर ते आधी वाचा.

एरवी संध्याकाळी सातची बेराखा (आशीर्वादाची प्रार्थना) असेल, तर मी अशी वेळ लावते:

- आदल्या दिवशी: निवडणं, सुकामेवा, फळांची खरेदी
- साडेचार: नारळ फोडून खवणं
- सव्वापाच: पोहे धुणं
- सहाला दहा कमी: पोहे आणि नारळ एकत्र, झाकून ठेवणं
- सव्वासहा: सुकामेवा, वेलची, जायफळ
- पावणेसात: साखर
- सात: ताट समोर

सगळं दुपारीच उरकून मोकळं व्हायचा मोह होतो. मीही एका वर्षी झाले होते. सकाळी अकरालाच साखर मिसळून, ताटावर जाळी घालून ठेवली आणि साडी नेसायला गेले. संध्याकाळी जाळी उचलली तर पोहे साखरेच्या पाण्यात बसलेले. वरून डोंगर शाबूत दिसत होता, खालून तळं.

## २. सामान

- जाड पोहे: ५०० ग्रॅम
- नारळ: २ मध्यम, आणि एक जास्तीचा (फोडल्यावर खवट निघाला तर)
- साखर: २०० ग्रॅम
- बदाम ५० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, पिस्ते २५ ग्रॅम, हवी तर थोडी चारोळी
- वेलदोडे ८ ते १०, पाव जायफळ
- मीठ: दोन चिमटी
- फळं: पाच प्रकारची, त्यात खजूर आणि केळी असायलाच हवीत
- सबजाच्या डहाळ्या, गुलाबाच्या पाकळ्या

पोहे जाडच घ्या. पातळ पोहे धुतले की संपले. घरात पातळच असतील तर ते अजिबात धुवू नका. नारळाच्या पाण्याचा शिपका मारून, दडप्या पोह्यांसारखे दडपून ठेवा. कोकणातले लाल पोहे मिळाले तर जरूर वापरा, त्यांच्या चवीपुढे पांढरे फिके पडतात. फक्त ते भिजायला वेळ घेतात, आणि त्यांच्याबरोबर साखरेपेक्षा बारीक चिरलेला गूळ जास्त चांगला लागतो.

सावधान: तूप नाही, दूध नाही. सर्वांत जास्त केली जाणारी चूक हीच, आणि ती प्रेमापोटी होते. बदाम साजूक तुपात परतले, पोह्यांवर दुधाचा हबका मारला, तर चव बिघडत नाही, पण कोशेरच्या, म्हणजे ज्यू आहारनियमांच्या, हिशेबात मलिदा "दुधाचा" होतो. मग पाठोपाठ येणाऱ्या कोंबडीच्या किंवा मटणाच्या जेवणाबरोबर तो खाता येत नाही. काही घरांत तर मलिद्याच्या ताटातच भाजलेली कलेजी असते. नारळाचा मलिदा मांसाच्या बाजूचाही नाही आणि दुधाच्या बाजूचाही नाही, म्हणून तो कुठल्याही जेवणाबरोबर चालतो. बदाम परतायचेच असतील तर कोरडेच परता.

चांदीचा वर्खही लावू नका. पारंपरिक वर्ख जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून ठोकत आले आहेत. गुलाबाच्या पाकळ्यांनी ताट पुरेसं सजतं.

## ३. निवडणं (आदल्या दिवशी, उजेडात)

किडा-अळी खाणं निषिद्ध असल्याने निवडणं ही इथे हौस नसून अट आहे. रात्री ट्यूबलाइटखाली निवडू नका. दिवसा, खिडकीपाशी बसून करा.

पोहे आधी चाळा, मग पांढऱ्या ताटात मूठ मूठ पसरून बघा. सोंडे पटकन दिसतात, जाळी दिसत नाही. दोन-चार पोहे एकमेकांना चिकटलेले आढळले तर ते सोडवून बघा. काजू घालणार असाल तर प्रत्येकाच्या दोन पाकळ्या उघडा. सुकी अंजिरं फाडून आतून उजेडात धरा. बेदाणे कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून पाण्यावर काय तरंगतं ते पाहा, मग कपड्यावर पसरून पूर्ण सुकवा.

खजूर ताटात अख्खा दिसायला हवा, म्हणून त्याला फक्त उभी चीर द्या, बी काढा, आत डोकावा आणि परत मिटवा. आतली काळी भुकटी म्हणजे किड्याची वस्ती. तो खजूर बाद.

बदाम गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून सोला, काप करा आणि रात्रभर पंख्याखाली पसरा.

तपासा: एक काप मोडून पाहा. कट्टकन मोडला तर सुकला. वाकला तर त्यात अजून पाणी आहे, आणि ते उद्या मलिद्यात उतरेल.

## ४. नारळ

नारळ फोडताना पाणी वाटीत धरा, गाळा, चाखा. पाणी आंबूस असेल तर खोबरंही त्याच वाटेवर आहे. जास्तीचा नारळ घ्या. चांगलं पाणी झाकून बाजूला ठेवा, पुढे लागेल.

विळीच्या खवणीवर खवताना हात हलका हवा आणि फक्त पांढरं खोबरं पडायला हवं. करवंटीलगतचा तपकिरी भाग आला की चव जात नाही, पण मलिदा मळकट दिसतो. मिक्सर चालेल का? चालेल, पण पाणी न घालता आणि थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलंत तर खोबऱ्याचं दूध सुटायला लागतं आणि चोथा हाती येतो.

मुंबई-कोकणात जानेवारीतही खवलेला नारळ बाहेर चार तासांवर ठेवू नका. लवकर खवावा लागला तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, लोदमधून किंवा अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी: गोठवलेलं खवलेलं खोबरं उत्तम काम देतं. ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा आणि वापरण्याआधी मुठीत हलकं दाबून पाणी काढा. डब्यातला सुका कीसच मिळत असेल तर त्यावर कोमट पाणी शिंपडून अर्धा तास झाका. कोरडाच मिसळलात तर तो पोह्यांमधलं पाणी ओढतो आणि मलिदा घशाला चिकटतो.

## ५. पोहे धुणं

सगळं इथे ठरतं, म्हणून जरा थांबून वाचा.

पोहे पातेल्यात भिजत घालू नका. माझ्या पहिल्या मलिद्याच्या वेळी मी तसेच भिजवून दाराशी गप्पा मारत उभी होते. मामी आतून ओरडली, "अगं, पोहे धुतेस की त्यांना पोहायला शिकवतेस?" तेव्हापासून हात बसला.

रोवळी किंवा मोठ्या भोकांची चाळणी घ्या. निम्मेच पोहे घ्या, कारण सगळे एकदम घेतले तर वरचे कोरडे राहतात आणि खालचे चेपतात. नळाची धार बारीक ठेवा आणि बोटांनी पोहे फक्त वरखाली करा, चोळू नका. मिनिटभरात धार बंद करा. रोवळी तिरपी ठेवून पंधरा मिनिटं निथळू द्या. मध्ये एकदा बोटांनी मोकळे करा, नाहीतर बुडाशी गठ्ठा होतो. मग उरलेले निम्मे.

लाल पोहे पाच मिनिटं पाण्यात राहिले तरी चालतं. त्यांना निथळायला वीस मिनिटं द्या.

तपासा: मूठभर पोहे हलकेच आवळून मूठ उघडा. गोळ्याचा आकार टिकायला हवा, अंगठ्याने टेकताच तो सुटायला हवा आणि तळहात कोरडा राहायला हवा. एक पोहा दोन बोटांत चिरडून पाहा. मध्ये टणक कणी लागली तर अजून पाच मिनिटं झाकून ठेवा.

फार ओले झाले? सुती पंचावर पातळ पसरा आणि वीस मिनिटं पंख्याखाली ठेवा. ओलं शोषायला वरून कोरडे पोहे घालायचा उपाय अनेक जण करतात. करू नका. ते पोहे दाताखाली खड्यासारखे येतात.

कोरडे राहिले? बाजूला ठेवलेलं नारळाचं पाणी एकेक चमचा शिंपडा.

## ६. मिसळणं: क्रम मोडू नका

१. रुंद परातीत पोहे आणि खोबरं घ्या. बोटांच्या टोकांनी, खालून वर घेत मिसळा. तळव्याने मळू नका. ताट उपडं घालून वीस-पंचवीस मिनिटं झाका. या वेळात खोबऱ्याचा ओलावा पोह्यांत जिरतो आणि दोन्ही एकजीव होतात.

२. मीठ, ताजी कुटलेली वेलची, किसलेलं जायफळ. मिठाला काही घरांत नाकं मुरडतात. माझ्या मते दोन चिमटी मिठाशिवाय मलिदा नुसता गोड लागतो, चविष्ट नाही.

३. बदाम, पिस्ते, बेदाणे. थोडे वरून भुरभुरायला राखून ठेवा.

४. साखर सर्वांत शेवटी, ताट समोर न्यायच्या पंधरा मिनिटं आधी. साखर ओल्या खोबऱ्याला लागली की पाणी ओढून काढते. दाणेदार साखर खलबत्त्यात अर्धवट कुटून घ्या. अख्खे दाणे तळाशी बसतात आणि पिठीसाखर लगेच चिकट होते. गूळ मात्र तिसऱ्या पायरीच्या आधी घातला तरी चालतो, कारण त्याला पसरायला वेळ लागतो.

तपासा: परातीची एक कड उचलून तिरपी करा. ओघळ आला तर वरचा मलिदा दुसऱ्या कोरड्या ताटात काढा आणि खालचं पाणी तिथेच सोडा. ढवळून ते परत मिसळू नका.

## ७. ताट मांडणं

मलिद्याचा मधे डोंगर, भोवती फळं, वर पाकळ्या, कडेला सबजा. फळांच्या निवडीत एक मेख आहे.

झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. केळं दुसऱ्या गटात मोडतं, कारण केळीचा घड उतरला की तिचं खोड मरतं, दरवर्षी त्याच खोडाला फळ धरत नाही. म्हणून ताटात सफरचंद, संत्रं, चिकू, द्राक्षं असं सगळं झाडा-वेलीचंच असलं आणि केळं राहून गेलं, तर एक बेराखा अडते. ऐनवेळी मुलांना कोपऱ्यावरच्या गाडीवर पिटाळावं लागतं. खजूर ठेवायचा तो तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, नावाजलेल्या सात पिकांपैकी एक म्हणून, त्याला मान आधी. द्राक्षं, अंजीर, डाळिंब मिळाली तर तीही त्याच यादीतली. सबजा सुगंधाच्या बेराखेसाठी लागतो, तो शोभेचा समजून विसरू नका. कुंडीत नसेल तर आदल्या दिवशी फुलवाल्याकडे सांगून ठेवा.

एक फळ असं ठेवा जे घरात या हंगामात अजून कुणी चाखलेलं नाही. त्यावर शेहेहेयानू, म्हणजे नव्या गोष्टीची बेराखा, म्हणता येते. जानेवारीत बोरं किंवा हंगामातली पहिली द्राक्षं यासाठी छान. मात्र मग संक्रांतीला शेजारच्या बोरन्हाणात मुलांना आवरा.

फळं कापू नका. सफरचंद काळं पडतं, केळं लिबलिबीत होतं, कलिंगड तर मलिद्यातच वाहून येतं. ताटात अख्खी ठेवा, बेराखा झाल्यावर सुरी घ्या. पाकळ्या मिठाच्या पाण्यात बुडवून झटका, तिथेही बारीक किडे असतात.

किद्दुशसाठी (द्राक्षरसावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) काळ्या मनुकांचं शरबत करत असाल तर मनुका रात्रभर भिजवा, सकाळी हाताने पिळा, पातळ फडक्यातून दोनदा गाळा. साखर लागत नाही.

बेराखांचा क्रम घराघरात आणि हज्जनागणिक (प्रार्थना म्हणवणाऱ्यागणिक) थोडा बदलतो. तो आधी विचारून घ्या आणि त्या क्रमाने वस्तू हाताशी येतील असं ताट फिरवून ठेवा. बाकी काम त्यांचं.

## ८. शनिवारी आला तर

शुक्रवारी सूर्यास्ताआधीच्या मेणबत्त्या लागल्या की निवडणं, खवणं, पिळणं, गाळणं बंद. मुंबईत २२ जानेवारीला सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे वरचं सगळं वेळापत्रक किमान दीड तास अलीकडे ओढा, आणि साखरही मेणबत्त्यांआधीच घाला. पाणी सुटायच्या आत खायचा असल्याने मलिदा किद्दुशनंतर लगेच वाढा, जेवणानंतरसाठी ठेवू नका.

शनिवार सकाळसाठी वेगळा राखायचा असेल तर त्याचं प्रमाण बदला: साखर निम्मी, तीही मोठ्या दाण्याची, बेदाणे जास्त. डबा फ्रिजमध्ये ठेवा आणि शुक्रवारीच फ्रिजचा आतला दिवा काढून टाका, नाहीतर दार उघडताच दिवा लागेल आणि मलिदा आत अडकून बसेल.

अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या जागी जाण्याचा बेत असेल, तर शब्बाथला गाडीने जाता येत नाही. दिवस कुठला धरायचा हे आपल्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) विचारून मगच गाडी ठरवा.

## ९. पाहुण्यांसाठी

तुम्ही बोलावले गेला असाल तर घरचा शिजवलेला पदार्थ नेऊ नका. यजमानांना तो नाकारताही येत नाही आणि वाढताही येत नाही. अख्खी, न कापलेली फळं न्या, आणि शब्बाथ असेल तर ती शुक्रवारी दुपारीच पोचवा. पुरुषांनी टोपी किंवा रुमाल जवळ ठेवावा. बेराखेच्या आधी ताटातला बेदाणा उचलू नये, लहान मुलांना हे दारातच सांगावं. शब्बाथला फोटो नाहीत.

तुम्ही बोलावणारे असाल तर सुकामेव्याचं वावडं कुणाला आहे ते आधी विचारा. त्यांच्यासाठी सुकामेवा घालण्याआधी, म्हणजे सहाव्या टप्प्यातल्या दुसऱ्या पायरीनंतर, वाटीभर मलिदा बाजूला काढा. नंतर बदाम वेचून देणं म्हणजे फसवणूक.

## १०. डबे आणि उरलेला मलिदा

शेजारी द्यायचे डबे साखर घालतानाच भरा, डोंगर मोडल्यावर नाही. डब्यात चिरलेली फळं घालू नका, केळं तर मुळीच नको. सोबत एक खजूर आणि "आजच खा" असा निरोप द्या. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी तो डबा तिसऱ्या दिवशी उघडला होता.

बाहेर ठेवलेला मलिदा चार तासांत संपवा. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, पण पोहे कडक होतात. ते मोदकपात्रात किंवा चाळणीवर तीन-चार मिनिटं वाफवा, गरमच खा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. आणि उरलेल्या मलिद्याला फोडणी देऊन पाहायची कल्पना कुणाला सुचली असेल तर, मी पाहिली आहे देऊन. मोहरी वाया जाते.